शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ओपन सोर्समध्ये होऊ द्या: बेळगाव परिसरातल्या कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी परिसरातल्या इंजिनिअरिंग व डिप्लोमा कॉलेजांचे कॉम्प्युटर विभागप्रमुख आणि प्रोजेक्ट गाइड यांस,

सादर नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच मांडतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चालू असलेल्या एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा, प्रकल्पात केलेलं काम हा पर्याय विद्यार्थ्यांना अधिकृतपणे द्या. सक्ती कुणावरच नको. पण ज्या गटाला ते करायचं आहे त्याला "यात तुमचं नवीन काय?" असं विचारून परत पाठवू नका. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) त्या कामाचे पूर्ण गुण मिळतील एवढी सोय करा.

सध्या काय चालतं ते तुम्ही रोज बघता. चौघांचा गट होतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचा एखादा संशोधन पेपर निवडला जातो, त्याचं शीर्षक थोडं फिरवून सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) दिला जातो. काही गट मनापासून राबतात आणि त्यांचं काम खरोखर चांगलं असतं. पण तयार प्रोजेक्ट विकत आणणारेही कमी नाहीत. बेंगळुरूमध्ये तो एक धंदाच आहे: कोड, रिपोर्ट, पीपीटी असा सगळा संच मिळतो, वर वायवाला काय विचारतील याची तयारीही करून देतात. मग हार्ड बाउंड रिपोर्ट विभागाच्या कपाटात जातो आणि कोड कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये राहतो. पुढच्या वर्षी नवी बॅच चेहरा ओळखून हजेरी घेणारा तोच प्रोजेक्ट पुन्हा शून्यापासून सुरू करते.

यात मी मुलांना दोष देणार नाही. सगळं ‘नवीन’ हवं, या अटीनंच ही पळवाट तयार केली आहे. विशीतल्या चार मुलांनी बाकीचे पेपर सांभाळत काही महिन्यांत अख्खी प्रणाली उभी करावी, ही अपेक्षाच मुळात खोटी आहे. नोकरीतही असं कुणी करत नाही. मी खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला, तुमच्यापैकीच एका कॉलेजातून बाहेर पडलेला. सॉफ्टवेअरमधल्या माझ्या नोकरीचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो: तो कुठं अडतो ते शोधायचं, चार ओळी बदलायच्या आणि त्या का बदलल्या हे दुसऱ्याला पटेल असं लिहायचं. हे शिकायला ओपन सोर्ससारखी दुसरी शाळा नाही, आणि ती फुकट आहे.

तिथं काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण काही गाइडना अजून असं वाटतं की ओपन सोर्स म्हणजे फुकट डाउनलोड. लिनक्सचा गाभा, फायरफॉक्स, लिबरऑफिस, पायथन, पोस्टग्रेस यांचा सगळा कोड उघडा असतो. कुणाला दोष सापडला की तो नोंदवतो. दुसरा कुणी तो आपल्या यंत्रावर घडवून बघतो. तिसरा दुरुस्ती सुचवतो. मग तो भाग सांभाळणारे लोक, ज्यांना मेन्टेनर म्हणतात, ती ओळ न् ओळ तपासतात, प्रश्न विचारतात, परत पाठवतात. पटलं की ती दुरुस्ती मूळ कोडात जाते आणि जगभर पोचते. लिनक्स सुरू करणारे लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन तयार केलं ते लिनक्सच्या याच कामासाठी. गिटमध्ये प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली याची नोंद राहते. चौघांच्या गटात एक राबतो आणि तिघे नाव लावतात, ही तुमची कायमची तक्रार आहे. गिटची नोंद उघडली की कुणी काय केलं ते समोर येतं.

गिटचा आणखी एक गुण आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. प्रकल्पाचा पूर्ण इतिहास आपल्या यंत्रावर असतो आणि बरंचसं काम नेटशिवाय होतं. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. तिथल्या मुलीनं घरी बसून काम केलं आणि सोमवारी कॉलेजात आल्यावर ते पाठवलं, तरी काही बिघडत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुद्दाम आपल्या भागातल्या कॉलेजांना लिहिलं, तिच्याकडे येतो. आपल्या मुलांकडे असं काही आहे जे पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मुलांकडे सहसा नसतं. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, पुस्तकात इंग्रजी, आणि पुष्कळांच्या कानावर कोकणी किंवा उर्दूही. सॉफ्टवेअरच्या जगात ही मोठी पुंजी आहे. आपण ती बायोडेटात ‘लँग्वेजेस नोन’च्या रकान्यात टाकतो आणि विसरून जातो.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकीय प्रमाणात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरीत ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक ‘ळ’चा आहे. म्हणून जो प्रोग्रॅम नुसत्या क्रमांकावरून यादी लावतो, तो काल, काळ, काव, कास अशी यादी देतो. मराठी शब्दकोशात मात्र ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो, म्हणजे काल, काव, कास आणि शेवटी काळ. आता कन्नड बघा. कन्नड वर्णमालेतही ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, आणि युनिकोडमध्ये तोही कन्नड ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे. म्हणजे दोन्ही भाषांचा दोष एकच आहे, आणि दोन्ही वर्णमाला पाठ असलेली मुलं आपल्या वर्गात बसलेली आहेत. प्रत्येक भाषेचे असे नियम युनिकोडच्याच सीएलडीआर नावाच्या खुल्या माहितीसाठ्यात ठेवलेले असतात. पण कितीतरी छोटे-मोठे प्रोग्रॅम ते नियम वापरतच नाहीत. असा एखादा प्रोग्रॅम शोधायचा, दोष दाखवून द्यायचा, दोन्ही भाषांच्या चाचण्या लिहायच्या आणि दुरुस्ती पाठवायची. एका गटाचं सेमिस्टरभराचं काम आहे, आणि त्यात डेटा स्ट्रक्चरपासून टेस्टिंगपर्यंत तुमचा अर्धा अभ्यासक्रम येतो.

असंच दुसरं. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. ग्रंथालयाच्या यादीत एका पद्धतीनं नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीनं शोधलं तर सापडणार नाही, जर प्रोग्रॅमनं दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घेतली नसतील. ‘ॲ’चंही तसंच आहे. तो एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘अ’वर वेगळी खूण देऊन. बऱ्याच कॉलेजांच्या ग्रंथालयात कोहा हे सॉफ्टवेअर असतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० पासून वापरात असलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. तुमच्याकडे ते असेल तर एका गटाला ग्रंथपालांकडे पाठवा. मराठी आणि कन्नड पुस्तकांचा शोध आणि क्रम नीट लागतो का, हे त्यांनी महिनाभर तपासावं. दोष सापडला तर दुरुस्ती करावी. सगळं नीट निघालं तर चाचण्या लिहून त्या प्रकल्पाला द्याव्यात, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते मोडणार नाही. दोन्ही कामं प्रोजेक्ट म्हणून मान्य व्हायला हवीत.

छापखान्यांचा प्रश्न याहून जुना आहे. आपल्या भागातल्या छापखान्यांनी वर्षानुवर्षं मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड मजकूर नुडी किंवा बरहमध्ये जुळवला. त्यातला युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर आज दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, गावोगावच्या संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, असं कितीतरी त्या फाइलींत अडकलेलं असणार. फॉन्टाप्रमाणे अक्षरांचे तक्ते करून मजकूर युनिकोडमध्ये आणणारी उघडी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टाच्या खोडी वेगळ्या. शिवाय नुसत्या छापील पानांसाठी टेसरॅक्ट आहे. एचपीनं तयार केलेलं आणि २००५ मध्ये खुलं झालेलं हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ते कुठं चुकतं याचा नीट तपासलेला नमुना तयार करणं हेसुद्धा मोलाचं योगदान आहे. त्यासाठी मशीन लर्निंग येणारा एक आणि मराठी शुद्धलेखन पक्कं असलेली एक, असा गट लागतो. दुसरीला कमी गुण देऊ नका.

नकाशाचा विषय आला की आपल्याकडे आवाज चढतो, म्हणून शांतपणे लिहितो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून स्वयंसेवकांनी केलेला जगाचा खुला नकाशा आहे. त्यात गावाच्या मुख्य नावाखेरीज मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव असे वेगळे रकाने असतात. एक भरल्यानं दुसरं पुसावं लागत नाही. पाट्यांवरच्या अक्षरांवरून आपण काय काय पाहिलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथं मात्र नंदगड, हलशी, गर्लगुंजी, लोंढा यांची नावं दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी राहू शकतात. मुख्य नावाच्या रकान्यावरून वाद उकरायचा नाही, रिकामे रकाने भरायचे, गावात जाऊन विचारून खात्री करायची. वाड्या, पाणंदी, ओढे, प्राथमिक आरोग्य केंद्रं, बस थांबे, सगळंच नोंदवता येतं. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांना पदवीसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट मिळवावे लागतात, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. ते कसे मिळवायचे हा दरवर्षीचा प्रश्न असतो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या मदतीनं पूर्ण करणं त्यात बसवता येईल का, हे विभागानं विद्यापीठाला लेखी विचारावं. विद्यापीठ आपल्या मच्छेतच आहे.

आवाजाचंही काम आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात मराठी आहे. लोक वाक्यं वाचून आपला आवाज दान करतात आणि तो साठा कुणालाही मोफत वापरता येतो. "काय करालायस?" असं बोलणाऱ्या आपल्या भागाचा सूर त्यात जितका जास्त येईल, तितकी उद्याची यंत्रं आपलं बोलणं बरं समजतील. मेकॅनिकल विभागाचा यात संबंध नाही असं समजू नका. यंत्रभागांची रेखाटनं करायच्या फ्रीकॅड या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. लिनक्ससीएनसी या तशाच खुल्या सॉफ्टवेअरवर कारखान्यातली यंत्रं चालतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांना यातलं काय उपयोगी पडेल हे तिथल्या मालकांना विचारून ठरवता येईल.

असं कुठं झालंय का, असं विचाराल. केरळमध्ये झालंय. स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग हे काम २००२ च्या सुमारास थोड्या तरुण स्वयंसेवकांनी सुरू केलं. पुढं त्यातून मलयाळमचे उत्तम मुक्त फॉन्ट आले, भाषेची साधनं आली आणि अनेक भारतीय भाषांना चालणारा इंडिक कीबोर्ड आला. कुठल्या मोठ्या कंपनीची वाट त्यांनी बघितली नाही.

तरीही एक धोका आहे, आणि तो तुम्ही टाळलाच पाहिजे. उत्साहाच्या भरात "प्रत्येक विद्यार्थ्यानं पाच पुल रिक्वेस्ट केल्याच पाहिजेत" असं परिपत्रक काढू नका (पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मूळ कोडात घ्या अशी विनंती). २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो लोकांनी निरर्थक बदल पाठवले आणि आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एका शिकवणीच्या व्हिडिओनंतर एक्सप्रेस या वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर माहितीपत्रकात स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचा असाच पूर आला. त्यातले बरेचसे भारतीय विद्यार्थी होते. पलीकडे बसलेला मेन्टेनर बहुतेक वेळा आपली नोकरी सांभाळून रात्री हे काम करत असतो. त्याचा वेळ खाणं म्हणजे योगदान नव्हे. एआयकडून लिहून घेतलेले खोटे बग रिपोर्ट हा आता नवा ताप झाला आहे. नेटवरून माहितीची ने-आण करणारं कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग त्याबद्दल उघडपणे बोलले आहेत. तेव्हा नियम एवढाच ठेवा: पाठवलेल्या प्रत्येक ओळीचं कारण विद्यार्थ्याला वायवात स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

म्हणून गुण आकड्यावर देऊ नका. दुरुस्ती मूळ कोडात गेलीच पाहिजे अशी अटही घालू नका, कारण तपासणीला कधी कधी कितीतरी महिने लागतात आणि ते मुलांच्या हातात नसतं. नाकारलेली दुरुस्तीसुद्धा, ती का नाकारली हे मुलांना समजलं असेल तर, चांगला प्रोजेक्ट आहे. दोष नेमका पकडून दाखवणं यालाही मान द्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरवाट घातल्याचं उघडकीला आलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते सापडलं ते दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या प्रश्नाचा माग सोडला नाही म्हणून. असा माग काढणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात असेल तर त्याच्याकडे मोठं शीर्षक नाही म्हणून त्याला मागे बसवू नका.

रिपोर्टमध्ये दोषाची नोंद, मेन्टेनरशी झालेला सगळा लेखी संवाद, पहिली दुरुस्ती आणि सुधारलेली दुरुस्ती शेजारी-शेजारी, आणि गिटचा प्रत्येकाचा वेगळा उतारा, एवढं असलं की एक्स्टर्नलला तपासायला पुरेसं आहे. लायसन्सचंही आधीच बघा. जीपीएल या लायसन्सखालचा कोड बदलून वाटला तर तो त्याच अटींवर उघडा ठेवावा लागतो, एमआयटी लायसन्सच्या अटी त्याहून सैल आहेत. मुलांच्या कामावर कॉलेज हक्क सांगणार नाही, असं एका पानाचं पत्र प्राचार्यांच्या सहीनं सुरुवातीलाच द्या. ज्या कॉलेजांना स्वायत्तता आहे त्यांनी तर यासाठी कुणाकडे बघायची गरजच नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र तांत्रिक नाही. मराठी किंवा कन्नड शाळेतून आलेली आपली मुलं चारचौघांत इंग्रजीत प्रश्न विचारायला कचरतात. ओपन सोर्समध्ये तर सगळं जगासमोर लिहावं लागतं, आणि कुणी "हे चुकलंय" म्हटलं की तेही सगळ्यांना दिसतं. इथं गाइडची खरी गरज आहे. पहिली दोन-तीन पत्रं मुलांच्या शेजारी बसून लिहा. लहान वाक्यं लिहायला सांगा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. नापसंतीचं उत्तर आलं की ते कोडबद्दल आहे, आपल्याबद्दल नाही, हे त्यांना त्या दिवशीच समजावून सांगा. तुम्हाला स्वतःला गिट नीट येत नसेल तर मुलांबरोबर शिका. त्यानं तुमचा मान कमी होणार नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजातून एकच गट तयार झाला तरी पुरे. गिट, लायसन्स आणि पहिली दुरुस्ती यांवर शनिवारी येऊन मुलांशी आणि गाइडशी बोलायला मी तयार आहे. याच कामात असलेले इथले आणखी काहीजणही येतील. मानधन नको, प्रयोगशाळेची किल्ली आणि नेट एवढं द्या. यंदाचे सिनॉप्सिस मागवण्याआधी विभागाच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि जे ठरेल ते सूचना फलकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत लावा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक माजी विद्यार्थी